आमचा समुद्र उगवतीला आहे

सोयाबीनची बनीम, म्हणजे गंजी, शेतात उभी होती आणि घरात धड ताडपत्री एकच उरली होती. दुसरी सप्टेंबरच्या पावसात फाटली. त्या एका ताडपत्रीवरून बोलणं निघालं आणि मध्यरात्रीपर्यंत चाललं. मी बहुतेक वेळ ऐकत होतो. ज्या दोघांचं ऐकत होतो ती दोघंही माझी, आणि दोघांचंही मला पटत होतं, म्हणून लिहून ठेवतो आहे.

तारीख 28 ऑक्टोबर 2025. दिवाळी सरली होती. अक्का भाऊबीजेला नांदेडहून आली ती सुट्टी होती म्हणून राहिली. ती कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमचं रान निलंगा तालुक्यात, तेरणा मांजरेला मिळते त्याच्या वरच्या अंगाला. खालची दोन एकर सप्टेंबरातच पाण्याखाली गेली. उभं सोयाबीन चार दिवस बुडून राहिलं आणि पाणी ओसरलं तेव्हा झाडावरच्या शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आले होते. वरची तीन एकर वाचली, पण रानाला वाफसा येईना म्हणून काढणी लांबली. ती कशीबशी काढून बनीम लावली होती. मळणीयंत्रवाल्याने निरोप दिला होता, उद्या सकाळी सातला येतो. उद्या नको असेल तर मग आठ दिवस नाव काढू नका.

"उद्या मशीन नको," अक्का मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली. "अण्णा, मोंथा चक्रीवादळ आज रात्री आंध्रच्या किनाऱ्याला लागतंय. काकीनाड्याच्या आसपास."

"काय नाव म्हणलालीस?"

"मोंथा. थायलंडने दिलंय. सुवासिक फुलाचं नाव आहे."

"तवा गुलाब, आता हे," अण्णा म्हणाले. "फुलांची नावं देतेत आन घरंदारं वाहून नेतेत." मग थोडं थांबून, "काकीनाडा कुठं आन आपण कुठं? स्वाती लागून चार दिवस झाले. स्वातीचं पाणी हलकं असतंय. उद्या रास करून टाकू. ताडपत्री एकच हाय. ढीग झाकायचा का पोती झाकायची एवढाच सवाल हाय."

अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, वय 72. पावसाचा हिशेब ते तारखांनी ठेवत नाहीत, नक्षत्रांनी ठेवतात. मृग, आर्द्रा, मघा, उत्तरा, हस्ताला ते हत्तीच म्हणतात, मग चित्रा, स्वाती. पंचांगाच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने नोंद असते: किती पडला, ओढ्याला पाणी आलं का, कोणतं पीक कुठल्या अवस्थेत होतं. जुनी पंचांगं एका ट्रंकेत आहेत. लहानपणी ती रद्दी वाटायची. आता तसं वाटत नाही.

अक्काने सुपातले मूठभर सोयाबीन उचलले आणि ओसरीच्या फरशीवर मांडायला लागली. "हे काकीनाडा. हे नांदेड. हे आपण. हे मुंबई." दाण्यांमधलं अंतर तिने बोटांनी मोजून ठेवलं. "नांदेडपासून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत पावणेपाचशे किलोमीटरच्या आत आहे. काकीनाडा साडेपाचशेच्या पुढे. आपल्याला तर कोकणचा किनारा आणखी जवळ, चारशेच्याही आत. म्हणजे अंतर बघाल तर अरबी समुद्र आपला. पण तो समुद्र आपल्याला थेट काही देत नाही. सह्याद्री मध्ये उभा आहे. ढग तिकडेच रिकामे होतात, आपल्यापर्यंत वारा पोचतो. मराठवाड्याला जूनपासून सप्टेंबरपर्यंत सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि त्यातला जोराचा पाऊस बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरात काहीतरी घडल्याशिवाय येत नाही. अण्णा, आपला समुद्र उगवतीला आहे."

शाळेत आम्ही मोसमी वाऱ्यांचे बाण नैऋत्येकडून काढायचो. त्यामुळे पाऊस मावळतीकडून येतो हे मनात पक्कं बसलेलं. पण अण्णा ऑगस्ट-सप्टेंबरात आभाळ बघायला घराच्या मागच्या बाजूला जायचे, उगवतीच्या बाजूला. हे मी पंचवीस वर्षं बघत आलो होतो आणि त्याचा अर्थ मला त्या रात्री लागला.

"मला काकीनाडा माहीत नव्हता," अण्णा म्हणाले, "पण जोराचा पाऊस तिकडूनच चढतोय हे आमच्या आज्यालाबी माहीत होतं. मग तू नवीन काय सांगलालीस?"

"नवीन हे की आता तो निघायच्या आधी दिसतो." तिने काकीनाड्याचा दाणा बोटाने फिरवायला सुरुवात केली. "समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं, वरचा वारा आणि खालचा वारा एकमेकांना छेद देत नसले, की भोवरा धरतो. भर पावसाळ्यात वरचे वारे फार जोराचे असतात, ते भोवऱ्याचं डोकं उडवतात. म्हणून जुलै-ऑगस्टात कमी दाबाची क्षेत्रं होतात पण मोठी चक्रीवादळं सहसा होत नाहीत. वादळांचे हंगाम दोन, पावसाळ्याच्या आधीचा आणि पावसाळ्यानंतरचा. आत्ता दुसरा चालू आहे. आपल्या बाजूच्या जगात भोवरा घड्याळाच्या उलट फिरतो. तो तेलंगणावर, विदर्भावर आला की त्याची खालची डावी बाजू आपल्यावर येते, आणि ती बाजू मावळतीकडून वारा ओढते. म्हणजे ढवळणारा हात बंगालच्या उपसागराचा आणि पाणी अरबी समुद्राचंसुद्धा. आणि या खेपेला अरबी समुद्रातही एक कमी दाबाचं क्षेत्र आठवडाभर रेंगाळतंय, गुजरात-मुंबईच्या समोर. दोन्ही बाजूंनी ओढाताण आहे. म्हणून म्हणते, उद्या नको."

अण्णा उठले, ट्रंक उघडली आणि 2021 चं पंचांग काढलं. चष्मा नव्हता, म्हणून माझ्या हातात दिलं. सप्टेंबरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: हत्ती, दुसरा दिवस. मांजरेचे सगळे दरवाजे.

त्या दिवसाची आठवण आमच्या भागात कुणाला करून द्यावी लागत नाही. 26 सप्टेंबरला गुलाब चक्रीवादळ आंध्रमधल्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं. जमिनीवर आल्यावर वादळ विरतं, कारण त्याचं इंधन म्हणजे समुद्राची वाफ तुटते. पण गुलाब तेलंगणातून मराठवाड्यावर आलं तेव्हा जमीन पावसाने चिंब भिजलेली होती आणि त्याचा जोर पावसाच्या रूपाने टिकला. 28 तारखेला धनेगावच्या मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत नदीकाठच्या लोकांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. आणि ते तिथेही संपलं नाही. उरलेला भोवरा गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, पुन्हा तापल्या पाण्यावर आला, पुन्हा चक्रीवादळ झाला, त्याला शाहीन असं नवीन नाव मिळालं आणि 3 ऑक्टोबरला तो ओमानच्या किनाऱ्याला जाऊन लागला. एका समुद्रातून निघून आमच्या अंगणावरून दुसऱ्या समुद्रात गेलेलं ते वादळ होतं. समुद्रापासून चारशे किलोमीटर आत राहणाऱ्याला हवामानाच्या बाबतीत किनाऱ्याचा माणूस का म्हणावं, हे कुणाला समजावायचं असेल तर मी गुलाबची गोष्ट सांगतो.

"बघ," अण्णा म्हणाले, "27 तारखेला हत्ती लागतोय. 28 ला दरवाजे. तुझं गुलाब यायच्या आधीच पंचांगात हत्ती छापून आलता."

"हत्ती दरवर्षी छापून येतो अण्णा. 2015 ला छापला नव्हता का? आला का पण?"

अण्णा गप्प झाले. 2015 आमच्या घरात कुणी सहज उच्चारत नाही. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, नोंदींमधल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी एक. हत्ती आला नाही, चित्रा नाही, स्वाती नाही. मांजरा कोरडी पडली. मी तेव्हा लातुरात भाड्याच्या खोलीत राहत होतो. मार्च 2016 मध्ये पाणी भरण्याच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून पाण्याची रेल्वे लातूरला आली: दहा टँकर, पाच लाख लिटर, कृष्णेचं पाणी. घरात प्यायचं पाणी स्टीलच्या डब्यात, वर झाकण आणि झाकणावर वजन म्हणून वरवंटा, असं ठेवलेलं मला आठवतं. मुलगी तीन वर्षांची होती. तिला पेला उपडा करू नकोस हे आम्ही इतक्यांदा सांगितलं होतं की पाऊस आल्यावरही ती पेला दोन्ही हातांनी धरायची. आणि त्याच 2016 च्या सप्टेंबरअखेरीस पाऊस कोसळला. एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणलेल्या गावाला ऑक्टोबरात धरण भरल्याची बातमी वाचायला मिळाली.

"तवा हत्ती आला," अण्णा हळूच म्हणाले.

"आला. कारण प्रशांत महासागर थंड झाला होता. पेरूच्या किनाऱ्यापासून इंडोनेशियापर्यंतचं पाणी कुठे तापलंय, कुठे निवलंय, यावर आपला हत्ती येतो की नाही ते पुष्कळसं ठरतं. सव्वाशे वर्षांपूर्वी हवामान खात्याचा प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर इथे आला, तो याच प्रश्नाच्या मागे होता, हिंदुस्थानचा पाऊस दगा का देतो. आकडे मांडता मांडता त्याला प्रशांत महासागराच्या दोन टोकांचा झोका सापडला. जगाला एल निनोचं गणित कळलं त्यात आपल्या दुष्काळांचा वाटा आहे."

मग अक्काने नक्षत्रांवरचा तिचा खरा आक्षेप काढला. सूर्य एखाद्या नक्षत्रात शिरण्याची तारीख ऋतूच्या मानाने स्थिर नाही, पृथ्वीचा आस हळूहळू गिरकी घेतो म्हणून ती सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. वराहमिहिराच्या काळापासून आजपर्यंत वीस दिवसांच्या वर फरक पडलाय. "म्हणजे जुन्या काळचा मृग आणि तुमचा मृग एक नाही. मग त्या ठोकताळ्यांवर भरवसा कसा ठेवायचा?"

अण्णांनी यावर जे उत्तर दिलं त्याने मी सरसावून बसलो. "सत्तर सालाला एक दिवस ना? मग माझ्या आज्यापासून माझ्यापर्यंत दीड दिवस सरकला. वराहमिहिराचं मला काय करायचं? मी आज्याचं बघून शिकलो, आज्यानं त्याच्या बापाचं बघून. जरा जरा सरकत गेलं आन आमीबी त्याच्यासंगं सरकत गेलो. चुकायचं असतं तर असं न्हाई चुकायचं."

अक्का हसली नाही. तिने मान डोलावली. "हे बरोबर आहे," ती म्हणाली. "नक्षत्र पाऊस पाडत नाही, पण नक्षत्राच्या नावाखाली तुमच्याकडे समुद्राच्या सवयींची वही आहे. सप्टेंबरच्या अखेरीस मोसमी पाऊस परतायला लागतो, उपसागर तापलेला असतो, कमी दाबाची क्षेत्रं खालच्या अंगाने आत येतात. त्या पंधरवड्याला तुम्ही हत्ती म्हणता. माझं म्हणणं एवढंच की त्या वहीतला समुद्र आता राहिला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल यांनी दाखवलंय, 1901 ते 2012 या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्यात 1.2 अंशांनी तापला. आणि त्यांच्याच 2017 च्या अभ्यासात आहे, 1950 पासून 2015 पर्यंत मध्य भारताच्या पट्ट्यात, विस्तीर्ण भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण पाऊस वाढला नाही, उलट कमीच झाला. तोच पाऊस कमी दिवसांत पडतो. तुमच्या पंचांगाच्या कडेला ते दिसेल, बघा."

आम्ही बघितलं. खरंच दिसलं. सुरुवातीच्या पंचांगांत एका नक्षत्रात सात-आठ नोंदी असायच्या: भीज पाऊस, झड, भुरभुर, पुन्हा झड. गेल्या आठ-दहा वर्षांत नोंदी दोन किंवा तीन, आणि त्यांच्यासमोर ओढा, पूर, बांध फुटला, असे शब्द. अण्णांनी हे स्वतः लिहिलं होतं, पण एका जागी ठेवून वाचलं नव्हतं. ते बराच वेळ ट्रंकेशी बसून राहिले. झड हा शब्द 2017 नंतर एकदाही आला नव्हता.

"बरं, समुद्र बदलला," ते शेवटी म्हणाले. "पण बाई, एकटा समुद्रच बदलला का? हत्तीच्या टायमाला ह्या रानात काय असायचं सांग."

अक्काला आठवत नव्हतं. मलाही अर्धवट आठवत होतं.

"काईच नसायचं. मूग-उडीद पोळ्याच्या मागंपुढं निघून जायचे. रान मोकळं, पाळी घातलेलं. हत्तीचा पाऊस पडला की काळ्या मातीत हातभर ओल जायची आन मग तिफण निघायची. ज्वारी, करडई, हरभरा, सगळं त्या ओलीवर. माघापातुर पाण्याचं नाव काढायचं न्हाई. हत्तीची आमी वाट बघायचो. लई कोसळला तर घरं पडायची, मातीची होती मनून. तवा हत्तीला भिंती भ्यायच्या, पीक भीत नव्हतं. आता त्याच टायमाला सोयाबीन वाळून उभं असतंय. शेंग फुटायला आलेली. अन् वरून पाणी. पाऊस चुकीच्या टायमाला आला न्हाई. आपलं पीक त्याच्या वाटेत जाऊन बसलंय."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण बघायला हवं होतं. सोयाबीनचा आग्रह माझा होता. शंभर-एकशेदहा दिवसांत पीक हातात, राखण नाही, पाखरांचा त्रास नाही, काढणीला मशीन, लातूरसारखी बाजारपेठ दारात, रोख पैसा. ज्वारीला यातलं काहीच नव्हतं. ज्वारी काढायला, खुडायला बायका लागतात आणि त्यांच्या मजुरीचे पैसे ज्वारीच्या भावातून निघत नव्हते. सगळ्या तालुक्याने हेच केलं. तो निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही; त्याच पैशातून मुलांची शिक्षणं झाली. पण तो निर्णय घेताना सोयाबीनची काढणी नेमकी उपसागराच्या तोंडाशी येते हे आमच्यापैकी कुणी बोललं नव्हतं. फक्त अण्णा दोन वर्षं कुरकुरले होते आणि ती कुरकुर आम्ही ज्वारीच्या भाकरीची आवड म्हणून सोडून दिली होती.

अक्का एकदम म्हणाली, "अण्णा, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही काय खाल्लं?"

"अमेरिकेची लाल ज्वारी. आन सुकडी. खडी फोडायला जात होतो, एकोणीस वर्षांचा होतो."

"त्याच वर्षी पेरूच्या समुद्रात काय झालं सांगू? तिकडे अँकोव्हेटा नावाचा लहान मासा असतो. थंड पाण्यात वाढतो. जगातली सगळ्यात मोठी मासेमारी त्याची होती. तो वाळवून त्याची भुकटी करायचे, कोंबड्या-डुकरांचं खाद्य म्हणून जगभर जायची. 1972 ला एल निनोने ते पाणी तापवलं, मासा नाहीसा झाला. खाद्याची टंचाई पडली, सगळे सोयाबीनच्या पेंडीकडे वळले. भाव इतका चढला की 1973 च्या जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यातच थांबवली. मग जपानने ब्राझीलमध्ये सोयाबीन वाढवायला पैसा ओतला. जगात पेंडीची बाजारपेठ पसरली त्यात हे एक मोठं वळण होतं. आपल्या लातूरच्या कारखान्यांतूनही तेलाबरोबर पेंडच निघते ना? ज्या तापल्या पाण्याने तुमची ज्वारी वाळवली, त्याच पाण्याने सोयाबीनला रस्ता करून दिला."

अण्णांनी फरशीवरचा काकीनाड्याचा दाणा उचलला आणि हातावर घेऊन बघत राहिले. मला वाटतं त्या रात्रीचं बोलणं खरं इथे बदललं. तोवर दोघं एकमेकांना पटवत होते. आता प्रश्न दोघांचा झाला.

"मग तुझा इशारा माझ्या काय कामाचा?" अण्णांनी विचारलं, आणि विचारण्यात रुसवा नव्हता. "किनाऱ्यावरच्यांना उपयोग होतोय, मान्य हाय."

तो होतोच. 1999 च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच ओडिशात 2013 ला फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. चौदा वर्षांत एवढं झालं, आणि ते उपग्रह, रडार, पक्की निवारा केंद्रं आणि गावोगाव फिरलेल्या माणसांनी केलं. हे ज्याला मोठं वाटत नाही त्याने समुद्रकाठी राहून बघावं.

"तिथं माणसं हलवली," अण्णा म्हणाले. "माझी बनीम कुठं हलवू? उभं पीक कुठं हलवू? मोबाइलवर पिवळं येतंय, नारंगी येतंय. सगळ्या जिल्ह्याला एकच रंग. लातूर जिल्ह्यात दहा तालुके हायत, तुमच्या नांदेडात सोळा. अहमदपूरला पडलं तर निलंग्याचा अंदाज बरोबर आला म्हणायचं का?"

"नाही म्हणायचं," अक्का म्हणाली. "चार-पाच दिवस आधी वादळाची वाट सांगता येते. तुमच्या रानात उद्या दुपारी किती पडेल ते नाही सांगता येत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला येतो, काढलेलं पीक झाका, सुरक्षित जागी ठेवा. सल्ला बरोबर असतो. पण सुरक्षित जागा गावात आहे का, वाळवायला यंत्र आहे का, तीन दिवस माल ठेवायला गोदाम आहे का, हे हवामान खात्याच्या हातात नाही. किनाऱ्यावर इशाऱ्याच्या जोडीला निवारा केंद्र बांधलं. आपल्याकडे इशारा आला, निवारा आलाच नाही. पिकाला निवारा लागतो हे कुणी धरलंच नाही, कारण आपण समुद्रकाठचे आहोत हेच कुणी धरलेलं नाही."

हे वाक्य मला त्या रात्रीचं सर्वांत खरं वाक्य वाटलं. 2025 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, पण तो बारा टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या मालाला. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही अठरा टक्क्यांचा माल घेऊन आडतीवर गेलो होतो. आडत्याने मूठ यंत्रात टाकली, काटा बघितला, आणि भाव न सांगता पुढच्या पोत्याकडे वळला. तो जो ओलावा होता तो कुठून आला होता? खत चांगलं, बियाणं चांगलं, निगा चांगली. फक्त हवेत पाणी होतं. गावात दहा-पंधरा लाखांचं एक वाळवणीचं यंत्र आणि चार खणांची पक्की शेड असती तर तो माल बाराला आला असता. वादळाच्या वेळी ओडिशाच्या गावाला जशी पक्की इमारत लागते तशीच ही शेड आहे. मी ही मागणी ग्रामसभेत मांडणार आहे आणि ती मान्य झाल्याशिवाय थांबणार नाही, असं तेव्हाच मनाशी ठरवलं.

साडेदहाच्या सुमाराला अक्काने पुन्हा मोबाइल बघितला. वादळ काकीनाड्याच्या दक्षिणेला, नरसापूरच्या जवळ किनारा ओलांडत होतं.

"नरसापूर कुठं आलं?" मी विचारलं.

"गोदावरीच्या मुखाशी. वसिष्ठा गोदावरी म्हणतात त्या फाट्यावर." मग तिच्या लक्षात काहीतरी आलं असावं, कारण तिने दाणे पुन्हा जुळवायला घेतले. आमच्या बांधावरून मांजरा जाते, कर्नाटक-तेलंगणाला वळसा घालून नांदेड जिल्ह्याच्या टोकाला कुंडलवाडीच्या बाजूला गोदावरीला मिळते, आणि ते सगळं पाणी राजमहेंद्रीवरून नरसापूर, काकीनाड्याच्या समुद्रात जातं. सप्टेंबरात आमच्या खालच्या दोन एकरांवरून गेलेलं पाणी तिथेच गेलं होतं.

"म्हणजे आपलंच पाणी आपल्याला परत येलालंय," अण्णा म्हणाले.

"आणि आजची तारीख बघा," अक्का म्हणाली. "धर्माबादजवळचा बाभळी बंधारा आहे ना, त्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवायचे. पावसाळ्याचं पाणी खाली तेलंगणाला जाऊ द्यायचं आणि 29 पासून अडवायचं. आज शेवटचा दिवस. कागदावर पावसाळा आज संपला, आणि आजच वादळ आलं."

"कोर्टाचंबी नक्षत्रच की," अण्णा म्हणाले.

त्यानंतर फार बोलणं झालं नाही. ताडपत्री बनीमीवरच घालायची, पोत्यांचं नंतर बघू, असं ठरलं. आम्ही तिघं बॅटरी घेऊन रानात गेलो. वारा पडलेला होता, आभाळ झाकलेलं, उगवतीकडे एकही चांदणी नव्हती. बनीमीच्या माथ्याला आम्ही उतार दिला, ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांना दोरी बांधून तिला दगड लावले. अक्काने कडेने खाली हात घातला आणि म्हणाली, आतून ऊब येतेय. अण्णा म्हणाले, ओल आहे मनून. हवा लागू दे, खालून वीतभर उघडं ठेव.

सकाळी सातला मशीन आलं. आभाळ तसंच होतं, भुरभुर सुरू झालेली, कपडे ओले होणार नाहीत इतकी. यंत्रवाला ट्रॅक्टर चालूच ठेवून उभा राहिला. अण्णांनी ताडपत्रीखालून एक शेंग ओढली, फोडली, दाणा दाढेखाली धरून चावला. वाळलेला दाणा कट्कन वाजतो. हा वाजला नाही. दुसरा दाणा त्यांनी अक्काच्या हातावर ठेवला. तिनेही चावला आणि काही न बोलता मान हलवली.

अण्णांनी यंत्रवाल्याला हात केला, जा.